कागद विचारून प्लेट काढणारा छापखाना : सोलापुरातील एका ऑफसेट सेवेचे परीक्षण

अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत, चादरी आणि टॉवेलांच्या कारखान्यांच्या शेजारी, एक मध्यम आकाराचा ऑफसेट छापखाना आहे. या कारखान्यांसाठी मी कॅटलॉग तयार करते आणि यंदाचे दोन्ही कॅटलॉग मी तेथेच छापून घेतले. परदेशी ग्राहकांसाठीचा कॅटलॉग १३० जीएसएमच्या (चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाच्या) ग्लॉस आर्ट पेपरवर, म्हणजे चकचकीत लेपाच्या कागदावर होता, तर घाऊक व्यापाऱ्यांसाठीचा ९० जीएसएमच्या मॅपलिथोवर, म्हणजे बिनलेपाच्या साध्या कागदावर. दोहोंतील छायाचित्रे एकच असल्याने रंग शक्य तितके जुळावेत, अशी माझी अट होती.

प्रतींची संख्या विचारण्याआधी येथे कागद विचारतात, आणि माझ्या मते या छापखान्याची योग्यता येथेच कळते. हाफटोन छपाईत, म्हणजे बारीक ठिपक्यांनी छटा दाखवणाऱ्या छपाईत, शाईचा गडदपणा सर्वत्र सारखाच असतो. छटा ठरते ती ठिपक्यांच्या आकारावर. इंचाला १५० रेषांच्या स्क्रीनमध्ये, म्हणजे ठिपक्यांच्या जाळीत, शेजारच्या दोन ठिपक्यांच्या केंद्रांतील अंतर जेमतेम ०.१७ मिलिमीटर असते. ठिपक्यांमधल्या कोऱ्या जागेवर पडलेला प्रकाश पृष्ठभागावरूनच परत फिरत नाही. तो कागदाच्या तंतूंमध्ये शिरतो, तेथे पुन्हा पुन्हा दिशा बदलतो आणि टॉवेलवर पडलेला पाण्याचा थेंब पसरावा तसा आडवा पसरत जातो. त्यातला काही प्रकाश शेजारच्या ठिपक्याखालून बाहेर पडू पाहतो आणि शाईत शोषला जातो. उलट, शाईतून आत गेलेला काही प्रकाश कोऱ्या जागेतून बाहेर येतो आणि त्या जागेवर रंगाची झाक आणतो. त्यामुळे ठिपका प्रत्यक्षात आहे त्याहून मोठा असल्यासारखी छटा गडद होते. दाबाखाली शाई पसरून ठिपका खरोखरच मोठा होतो, तो प्रकार निराळा. छापील रंगात या दोन्ही वाढी एकत्र आलेल्या असतात.

मशीनवरच्या कारागिरांनी हे मला चाचणीच्या पट्टीवर दाखवले. भिंगाखाली छापलेला ठिपका प्लेटवरच्या (ज्या पत्र्यावरून छपाई होते त्यावरच्या) ठिपक्याहून थोडाच मोठा दिसत होता, पण छपाईचा गडदपणा मोजणारा डेन्सिटोमीटर ५० टक्क्यांच्या, म्हणजे निम्मी जागा ठिपक्यांनी भरलेल्या पट्टीला आर्ट पेपरवर ६६ आणि मॅपलिथोवर ७४ दाखवत होता. हे उपकरण १९३६ सालच्या मरे-डेव्हिस सूत्राने हिशेब करते. त्या सूत्रात ठिपक्यांमधला कागद कोऱ्या कागदाइतकाच पांढरा धरलेला असल्यामुळे पसरून हरवलेल्या प्रकाशाची गणनाही ठिपक्याच्या आकारातच होते. यूल आणि नील्सन यांनी १९५१ साली या सूत्रात एक घातांक आणला : प्रकाश अजिबात आडवा पसरत नसेल तर तो १, आणि कागदात पूर्णपणे मिसळून जात असेल तर २. आर्ट पेपरवरील चिनी माती व कॅल्शियम कार्बोनेटच्या बारीक कणांचा लेप प्रकाशाला थोड्याच अंतरात परतवतो. मॅपलिथोवर असा लेप नसल्याने प्रकाश अधिक दूर जातो आणि शाईही अधिक मुरते.

म्हणून येथे प्रत्येक कागदासाठी वेगळा कर्व्ह, म्हणजे ही वाढ धरून ठिपके आधीच लहान करणारी दुरुस्ती, लावून सीटीपीवर (संगणकावरून थेट प्लेट काढणाऱ्या यंत्रावर) वेगळ्या प्लेटा काढतात. मी यापूर्वी ज्या ठिकाणी काम देत असे, तेथे दोन्ही कागदांना एकाच प्लेटा वापरत आणि रंग मळकट आला की दोष कागदावर टाकत. ही वाढ मधल्या छटांत सर्वाधिक असल्याने पांढऱ्या टॉवेलांच्या घड्या तेव्हा राखाडी होऊन जात. यंदा मॅपलिथोवरही घडीतली सावली आणि टॉवेलाचे फुगीर धागे वेगळे ओळखू येतात, आणि क्रीम रंगाचे काठ क्रीमच राहिले आहेत. चादरींचा भरीव मरून मात्र मॅपलिथोवर फिका आहे. भरीव रंगात ठिपकेच नसल्यामुळे तेथे कर्व्हचा उपयोग नाही, हे छापखान्याने काम घेतानाच स्पष्ट सांगितले होते, आणि हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

जकार्ड विणीच्या जवळून घेतलेल्या छायाचित्रांत वीण आणि स्क्रीन एकमेकांवर येऊन नको असलेले पट्टे उमटतात. ते टाळण्यासाठी त्यांनी एफएम स्क्रीन, म्हणजे ओळींत न मांडता विखुरलेल्या बारीक ठिपक्यांचा स्क्रीन, सुचवला आणि आर्ट पेपरवर निकाल उत्तम आला. बारीक ठिपक्यांत तेवढ्याच शाईला कडा कितीतरी अधिक मिळतात, त्यामुळे प्रकाश शाईखाली सापडण्याचे प्रमाणही वाढते. त्यासाठीचा त्यांचा मॅपलिथोचा कर्व्ह अजून पुरेसा बसलेला नाही. पीच रंगाचा टॉवेल तेथे सरळसरळ जड झाला आहे.

उणिवा आणखीही आहेत. छापलेले कागद तपासायला साध्या ट्यूबलाइटखेरीज काही नाही. मॅपलिथोतील शुभ्रता वाढवणारी द्रव्ये उन्हात निळसर चमकतात, ट्यूबखाली तितकी चमकत नाहीत. अशा कामाला ५००० केल्व्हिनचा प्रमाणित दिवा हवाच. डिजिटल प्रूफ त्यांच्याच चकचकीत कागदावर निघते, म्हणून ते मजकूर तपासण्यापुरतेच धरावे. नेमक्या कागदावरचे मशीन प्रूफ मागितल्यास मिळते, त्याचे वेगळे पैसे पडतात आणि ते पूर्णपणे सार्थकी लागतात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास आणि लग्नसराईत कामे तुंबतात, त्यामुळे तारीख लेखी घ्यावी.

मुखपृष्ठाला ग्लॉस लॅमिनेशन करायचे असेल, तर तेही प्लेट निघण्यापूर्वी सांगावे. फिल्मच्या वरच्या पृष्ठावरून आतल्या आत परतलेला प्रकाश कागदावर थोड्या अंतरावर जाऊन पडतो, शाईशी त्याची आणखी एकदा गाठ पडते आणि मधल्या छटा पुन्हा गडद होतात. या छापखान्याच्या कर्व्हमध्ये हा हिशेब धरलेला नाही. आमच्या मुखपृष्ठावरची चादर आतल्या पानावरच्या त्याच चादरीपेक्षा स्पष्टपणे काळपट दिसते, म्हणून पुढच्या कामात मुखपृष्ठाचे प्रूफ मी लॅमिनेशनसहच मागणार आहे.