घोट्याचे सपोर्ट: धावायला कोणता बरा पडतो?

धावण्यासाठी घोट्याचा सपोर्ट बघताना मी एकच कसोटी लावते. पाऊल आत मुडपायला नको, पण वर-खाली मात्र मोकळं हलायला हवं. बाकी रंग, जाळी, 'प्रो' वगैरे सगळं नंतर.

माझी दुखापत ग्रेड २ ची, म्हणजे अर्धवट फाटल्याची, उजव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, एटीएफएल या लिगामेंटला (हाडं जोडणाऱ्या पट्ट्याला). पाऊल आत मुरगळलं की बहुतेक वेळा पहिला तडाखा यालाच बसतो. एक्स-रेत हाड शाबूत निघालं, फिजिओने हळूहळू जॉगिंगला हिरवा कंदील दाखवला आणि मगच मी सपोर्टच्या मागे लागले. हाडावर दाबलं की दुखत असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर हे सगळं वाचू नका, आधी डॉक्टरांकडे जा.

सगळ्यात जास्त खपतो तो मोज्यासारखा ओढून घालायचा स्लीव्ह. बुटात आरामात मावतो, सूजेवर जरा दाब राहतो. पण खुर्चीत बसून, स्लीव्ह घालून हाताने पाऊल आत वळवून बघा. जवळजवळ उघड्या पायाइतकंच वळतं! म्हणजे मुरगळण्याला अटकाव म्हणावा असा काहीच नाही. तरी मी त्याला टाकाऊ म्हणणार नाही. कातडीवर दाब असला की पाऊल कसं पडतंय याचं भान मला जास्त राहतं, आणि दुखापतीनंतर नेमकं तेच भान गेलेलं असतं. फक्त निओप्रीनचा (रबरासारख्या जाड कापडाचा) घेऊ नका. घामाने आत डबकं होतं आणि घोट्यावर चट्टे उठतात. विणलेला घ्या.

दुसरं टोक म्हणजे दोन्ही बाजूंना कडक प्लास्टिकच्या पट्ट्या, आत हवेच्या किंवा जेलच्या गाद्या आणि टाचेखालून जाणारा पट्टा असलेला ब्रेस. आत मुडपणं अडतं, वर-खाली मोकळीक राहते. माझ्या कसोटीला शंभर टक्के उतरायला हवा असा. सुरुवातीच्या दिवसांत चालायला तो मला फार उपयोगी पडला. धावायला लागल्यावर मात्र पट्टीची खालची कड बुटाच्या काठावर घासायला लागली, टाचेखालचा पट्टा इनसोलला (बुटातल्या गादीला) सरकवायचा आणि बूट एवढा ताठ बसायचा की पाऊल टाकल्याचा आवाजच वेगळा यायचा. रुंद बुटात कुणाला चालतही असेल, माझ्या बुटात नाही चालला.

मी ठेवला तो नाडीचा ब्रेस. पातळ नायलॉनचा, पुढे नाड्या आणि वरून आठच्या आकड्यात फिरणारे दोन पट्टे. याचं सगळं गणित घालण्यात आहे. टाच पार मागे टेकवायची, पाऊल नडगीशी काटकोनात ठेवायचं (बोटं खाली झुकवून बांधलात तर उभं राहताच सैल पडणार) आणि नाड्या खालून वर ओढत यायच्या. मग पट्टे. तळव्याखालून जाऊन बाहेरच्या बाजूने वर येणारा पट्टा जरा जास्त ताणायचा, कारण पाऊल आत वळायला लागलं की तोच धरून ठेवतो. दुसरा बेताचा. बोटांना मुंग्या आल्या तर सोडून पुन्हा बांधायचा, सहन करत धावायचं नाही. माझ्या पावलाच्या वरच्या शिरा दुखायच्या, म्हणून नाडीचा मधला टप्पा मी सैल ठेवते. वॉर्मअपनंतर कापड बसतं, तेव्हा एकदा थांबून पट्टे पुन्हा ओढावे लागतात.

उणीव अशी की चवड्याने जोर लावताना तो थोडा अडवतो. चढावर आणि वेग वाढवल्यावर हे जाणवतंच. त्यामुळे जोरात पळायच्या दिवशी मी तो घालत नाही. खडबडीत वाटेवर मात्र त्याच्याशिवाय जात नाही.

टेपबद्दल थोडक्यात. कडक पांढरी टेप नीट बांधली तर छान धरते, पण वीस-तीस मिनिटं पळलात की तिचा ताण बराच उतरतो, आणि दर वेळी बांधणारा हात तरबेज हवा. रंगीत ताणणाऱ्या टेपकडून पाऊल धरून ठेवायची अपेक्षा मी तरी करत नाही.

साइज बुटाच्या नंबरावरून घेऊ नका. एक कंपनी घोट्याच्या वरचा बारीक भाग मोजायला सांगते, दुसरी टाचेपासून पावलाच्या वरून फिरणारा घेर. तक्ता बघून मोजपट्टी लावा, तेही संध्याकाळी, पाय जरा सुजलेला असताना आणि धावताना घालता तोच मोजा घालून. मग ब्रेस चढवून आपल्याच बुटात उभं राहा. ब्रेसच्या जाडीने टाच उचलली जाते आणि मागून निसटायला लागते. मी बुटासोबत आलेला इनसोल काढून पातळ घातला, आणि बुटाच्या सगळ्यात वरच्या भोकातून नाडीचा फास करून बांधली, तेव्हा कुठे टाच जागेवर बसली.

ब्रेसने घोटा मजबूत होत नाही, हे फिजिओ सांगतात ते खरंच. एका पायावर उभं राहणं, मग डोळे मिटून, मग एका पायावर टाच उचलणं हे माझं चालूच आहे. ते जमायला लागल्यावर सपाट रस्त्यावर ब्रेस सोडून स्लीव्हवर आले.

धुताना वेल्क्रो बंद करून हाताने धुवा, नाहीतर त्यात मोज्याचे धागे अडकतात आणि पट्टा मध्येच सुटतो. अडकलेच तर जुना टूथब्रश. आणि ब्रेससोबत येणारी गोल, गुळगुळीत नाडी बदलून चपटी घाला. माझी गोल नाडी रोज सुटायची.