दहा बाय बाराच्या खोलीसाठी स्पीकर: चार जोड्यांची तुलना

खोली दहा बाय बारा फुटांची, स्लॅब साडेनऊ फुटांवर, भिंती विटांच्या, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. आपल्याकडच्या टू-बीएचकेमधली धाकटी बेडरूम साधारण अशीच असते, आणि निवांत गाणं ऐकायला घरात जी जागा मिळते ती बहुतेक हीच. ही तुलना अशा खोलीपुरती आहे. ऐकायचं मुख्यतः ख्याल गायन, जोडीला नाट्यसंगीत आणि अधूनमधून जॅझ.

स्पीकरकडे वळण्याआधी खोलीचं गणित करून घ्या, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर. तो समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीनं भागला की त्या दिशेनं खोली ज्या सुराला सर्वांत आधी घुमते तो सूर मिळतो. बारा फुटांना ४७ हर्ट्‌झ, दहा फुटांना ५६, साडेनऊ फुटांच्या उंचीला ५९. पुढची घुमणी दुपटीवर: ९४, ११३, ११९. रुंदी आणि उंची जवळपास सारखी असल्यामुळे ५६-५९ आणि ११३-११९ या दोन जागी घुमण्यावर घुमणं चढतं.

आता हे आकडे गाण्याशी लावून बघा. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्‌झच्या आसपास येतो, म्हणजे दोन घुमण्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत. तो स्वच्छ ऐकू येतो. पण काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तानपुऱ्याचा खर्ज ११६ वर, म्हणजे बरोबर दुहेरी घुमण्यात. तीच खोली, तेच स्पीकर. एका रेकॉर्डिंगमध्ये तानपुरा झिरपत राहतो, दुसऱ्यात जाडसर होऊन बसतो. जॅझमधल्या डबल बासची मोकळी ए तार ५५ हर्ट्‌झची, तिचंही तेच. एकच स्वर नेमका फुगतो तेव्हा दोष स्पीकरचा मानून लोक जोडी बदलतात आणि नवी जोडीही तिथेच फुगते.

मी स्वतः हे पैसे घालवून शिकलो. पहिल्यांदा घेतले ते कमरेएवढे उंच, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर. दुकानातल्या मोठ्या, गालिचा अंथरलेल्या दालनात ते भरदार वाजले होते. घरी विलंबित एकतालात डग्ग्याचा ‘धिं’ पुढच्या बोलावर सांडायचा आणि लोखंडी कपाटाचं दार थरथरायचं. आठ महिन्यांत ते विकले. तेव्हापासून लहान खोलीसाठी माझं मत पक्कं आहे: खर्ज, म्हणजे तळाचे स्वर, थोडा कमी देणारा स्पीकर घ्यावा, उरलेला खोली भरून काढते.

आपल्याकडे हे जास्तच खरं आहे, आणि परदेशी परीक्षणं वाचताना ते लक्षात ठेवायला हवं. अमेरिकेत पुष्कळ घरांच्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्समचे पातळ बोर्ड ठोकलेल्या असतात. त्या खर्जाला थोड्या हलतात, थोडा खर्ज पितात, थोडा पलीकडे जाऊ देतात. आपली वीट आणि काँक्रीट तसं काही करत नाही, जवळजवळ सगळं परत फेकते. तिथल्या परीक्षकाला ‘खर्ज जरा कमी’ वाटलेला स्पीकर आपल्या खोलीत पुरेसा भरू शकतो.

आता चार जोड्या: हार्बेथ पी३ईएसआर, केईएफ एलएस५० मेटा, जेनेलेक ८०३०सी आणि व्हार्फडेल लिंटन.

पहिल्या दोघांचं मूळ एकच. १९७०च्या दशकात बीबीसीला बाह्य प्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये बसेल असा लहान मॉनिटर, म्हणजे ध्वनी तपासायचा स्पीकर, हवा होता. त्यातून एलएस३/५ए जन्मला: पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढी बंद पेटी, आत केईएफचेच ट्वीटर (वरच्या स्वरांसाठी) आणि वूफर (खालच्या स्वरांसाठी). माणसाचा आवाज खरा वाटला पाहिजे, ही मुख्य अट. बीबीसीत याच कामात आयुष्य घालवलेल्या डडली हारवुड यांनी १९७७ मध्ये हार्बेथ कंपनी काढली, आणि पी३ईएसआर हा त्या छोट्या मॉनिटरचा सरळ वारस. केईएफनं आपल्या पन्नाशीनिमित्त २०१२ मध्ये एलएस५० आणला तोही त्याच स्पीकरकडे बघत, पण वाट वेगळी धरून. व्हॅनची आतली जागा डोळ्यांसमोर आणा. दहा बाय बारा तिच्यापेक्षा प्रशस्तच म्हणायची.

पी३ईएसआर बंद पेटीचा आहे, पोर्ट (खर्ज वाढवण्यासाठी पेटीला ठेवलेलं नळीसारखं भोक) नाही. त्याचा खर्ज साधारण ७५ हर्ट्‌झखाली हळूहळू उतरतो, सप्तकाला १२ डेसिबलनं. पोर्टवाल्याचा खर्ज आधी टिकून राहतो आणि मग त्याच्या दुप्पट वेगानं कोसळतो. लहान खोली तळाच्या स्वरांना आपणहून उचलून धरते, त्यामुळे बंद पेटीचा हळू उतार आणि खोलीची मदत एकमेकांत चांगली मिसळते. भिंतीपासून फूटभरावर ठेवूनही हा स्पीकर बिघडत नाही. गाणाऱ्या आवाजाच्या बाबतीत या चौघांत मी त्याला पहिला मान देतो. गायकानं षड्ज लावल्यावर त्यातला श्वास, आकारात उघडलेला गळा आणि मागे तानपुऱ्याची जवारी, हे तिन्ही वेगळे राहतात आणि तरी एकाच बैठकीतले वाटतात. उणीव अशी की मोठ्या आवाजात तो लवकर थकतो. पखवाजाची थाप किंवा ढोल-ताशा दणक्यात ऐकायची सवय असेल तर हा घेऊ नका. शिवाय चौघांत हाच सर्वांत महाग.

संवेदनशीलता (साधारण एक वॉट दिल्यावर एक मीटरवर मिळणारा आवाज) ८३.५ डेसिबल वाचून अनेक जण बिचकतात आणि शंभर वॉटचा ॲम्प्लिफायर शोधू लागतात. हिशोब करून बघा. ३० वॉटनं त्यात १५ डेसिबलची भर पडते. दोन मीटरवर बसल्यानं सुमारे ६ कमी होतात, दोन स्पीकर मिळून ३ परत येतात. म्हणजे कानाशी साधारण ९५ डेसिबल. बंद खोलीत एवढ्यावर कुणी तासभर बसत नाही. ६ ओहम रोधाचा हा स्पीकर ॲम्प्लिफायरला सोपा जातो, चांगला ३०-४० वॉटचा पुरे.

एलएस५० मेटाचं तसं नाही. त्याचा विद्युत रोध काही ठिकाणी साडेतीन ओहमपर्यंत उतरतो, म्हणून दमदार ॲम्प्लिफायर लागतोच, आणि तो खर्च स्पीकरच्या किमतीतच धरावा. त्याची खरी करामत म्हणजे ट्वीटर वूफरच्या मधोमध बसवलेला आहे. सगळा आवाज एकाच बिंदूतून निघतो. दीड मीटरवर बसा, खाली गादीवर बसा, उठून खिडकीशी जा, पोत फारसा बदलत नाही. २०२० च्या मेटा आवृत्तीत ट्वीटरच्या मागच्या बाजूचा ध्वनी शोषून घेणारी चकती आली. गायक आणि तबला यांच्यामधलं अंतर दिसल्यासारखं कळावं, ही ज्याची हौस आहे त्यानं हाच घ्यावा. पण पोर्ट मागच्या बाजूला आहे. मागे दीड फूट मोकळा नसेल तर सोबत येणारे फोमचे बोळे पोर्टमध्ये घालाच. मी ते घातल्याशिवाय आमच्या खोलीत हा स्पीकर ऐकू शकलो नाही. बोळे घातल्यावर खर्ज आवरतो, आणि मग हार्बेथशी फरक उरतो तो स्वभावाचा: केईएफ नेमका, हार्बेथ उबदार.

जेनेलेक ८०३०सी फिनलंडमधल्या ईसाल्मीचा, स्टुडिओसाठी बनवलेला. प्रत्येक स्पीकरमध्ये ५०-५० वॉटचे दोन ॲम्प्लिफायर आत, त्यामुळे वेगळा घ्यायला नको. लहान खोलीसाठी त्याची सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे पाठीमागचे छोटे स्विच. भिंतीजवळ खर्ज फुगला तर तो दोन, चार किंवा सहा डेसिबलनं खाली आणता येतो, आणि टेबलावर ठेवल्यानं येणारा जाडपणा काढायचा स्विच वेगळा. ज्यांची ऐकायची खोली हीच कामाची खोली आहे, स्पीकर टेबलावरच राहणार आहेत, त्यांनी बाकीच्या तिघांचा विचारही करू नये. दोन्ही स्पीकरजवळ विजेचे पॉइंट लागतील आणि आवाज कमी-जास्त करता येणारा, एक्सएलआर (स्टुडिओतली तीन पिनांची) जोडणी असलेला डॅक, म्हणजे डिजिटल गाणं स्पीकरला चालेल अशा संकेतात बदलणारं यंत्र, लागेल, एवढं बघून ठेवा. जुन्या, खरखरीत रेकॉर्डिंगना मात्र तो काही झाकत नाही. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेलं गाणं तुमच्या संग्रहात जास्त असेल तर तासाभरानं कान शिणतात.

लिंटनबद्दल थोडक्यात. आठ इंची वूफर, ९० डेसिबल संवेदनशीलता, जुन्या वळणाची देखणी लाकडी पेटी, आणि वाजतो दिलखुलास. मोठ्या हॉलसाठी मी तो डोळे मिटून सुचवेन. इथे नाही. मागे दोन पोर्ट, त्यांना जागा द्यायची तर पेट्या खोलीच्या मध्यावर येतात. तीन ड्रायव्हरचे (पेटीतल्या आवाज काढणाऱ्या तीन घटकांचे) आवाज एकजीव व्हायला लागणारं अंतरही उरत नाही.

मग घ्यायचं काय? गाणं हेच सर्वस्व असेल आणि बजेट ताणता येत असेल तर हार्बेथ. गाण्यासोबत वाद्यसंगीत, जॅझ, चित्रपट असं सगळं ऐकत असाल आणि मागे जागा असेल तर केईएफ. टेबल किंवा ॲम्प्लिफायरचा खर्च ही अडचण असेल तर जेनेलेक. खोली दहा बाय दहा, म्हणजे चौरस असेल, तर तिथे लांबी आणि रुंदीची घुमणी एकाच सुरावर येतात. अशा वेळी मी हार्बेथ आणि जेनेलेक यांतच निवड करीन.

घरी आणून ऐकायची सोय होत असेल तर ती सोडू नका. ओळखीची दोन रेकॉर्डिंग घ्या, एक काळी एकमधलं, एक काळी पाचमधलं. पाठ मागच्या भिंतीला टेकवून ऐका, मग साडेचार फूट पुढे सरकून तेच ऐका. भिंतीशी खर्ज सर्वांत जास्त साचतो, त्यामुळे बसायची जागा बदलल्यानं जो फरक पडतो तो कधीकधी दोन स्पीकरमधल्या फरकाहून मोठा निघतो. समोर सतरंजी, मागे पुस्तकांचं कपाट आणि कोपऱ्यात गुंडाळून उभी केलेली कापसाची गादी, एवढ्यानं टाळी वाजवल्यावर खोलीत उमटणारा टणत्कार पुष्कळ विरतो. घुमणारा खर्ज मात्र याला बधत नाही, तो जागा बदलूनच आवरावा लागतो.

आणि स्टँड. बाजारातले साधारण चोवीस इंची असतात, खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी. भारतीय बैठकीत कान जमिनीपासून अडीच फुटांवर येतात, त्यामुळे हार्बेथचा ट्वीटर कानांच्या वर जातो. मी कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपचे वीस इंची स्टँड करून घेतले, पाइपात कोरडी चाळलेली वाळू भरली आणि वर रबराचे तुकडे लावले.