घरचं बीपी मशीन: मॉडेल नंतर, आधी पट्टा बघा

पाऱ्याचं यंत्र, हातातला फुगा आणि कानात स्टेथोस्कोप, एवढ्यावर आमची डॉक्टरकी उभी होती. पारा विषारी म्हणून हटला आणि आता नौपाड्यातल्या मेडिकलमध्येही दंडाचं डिजिटल मशीन मिळतं. पेशंट आकड्यांची वही घेऊनच येतो, आणि ते आम्हाला मनापासून हवं आहे. डॉक्टरसमोर बसलं की अनेकांचं बीपी चढतं, घरचे आकडे जास्त खरे. म्हणून दवाखान्यात १४०/९० ही हद्द, तर घरी १३५/८५.

मनगटाचं मशीन नको. हात छातीच्या खाली राहिला की आकडा वाढतो.

दंडाच्या मशीनमध्ये फसगत होते ती पट्ट्यात. नेहमीचा पट्टा २२ ते ३२ सेंमी घेराचा असतो. शिंप्याच्या टेपने दंडाचा मध्य मोजा. ३५ सेंमीच्या दंडावर तोच पट्टा ओढूनताणून बांधला तर आकडा फुगतो आणि गरज नसताना गोळी वाढते. अशा दंडाला मोठा पट्टाच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. आत एक-दोन बोटं सरकतील इतपत सैल. जुन्या बिनालिफ्टच्या इमारतीत पिशवी घेऊन तीन मजले चढून लगेच बटण दाबलं, तर येतं ते जिन्याचं बीपी. पाच मिनिटं गप्प बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर. आधी लघवीला जाऊन या. चहा-तंबाखू अर्धा तास आधी बंद. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी गोळीआधी आणि रात्री, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. पहिल्यांदा दोन्ही हात मोजा, मग ज्या हाताचं जास्त येईल तोच कायम.

मशीन कमी पडतं ते नाडी अनियमित असताना. आम्ही आवाज ऐकायचो, ते धमनीची थरथर मोजतं. ठोके वेडेवाकडे असले की दर वेळी वेगळा आकडा. तिथे मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिट मोजलेली नाडी अजूनही हवीच. स्क्रीनवर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार दिसली तर ईसीजी काढा.

पट्टा पुन्हा पुन्हा फुगून एरर येत असेल तर आधी सेल बदला, मग नळीला चीर आहे का बघा. वर्षातून एकदा मशीन दवाखान्यात आणून आमच्या यंत्राशी ताडून घ्या, आणि येताना तुमचा पट्टाही आणा.