रुद्राक्षाची जपमाळ: मणी चोख, दोरा कच्चा

पाचमुखी रुद्राक्षाचे १०८ मणी, वर मेरुमणी, म्हणजे माळेची दोन्ही टोकं जिथे जुळतात तिथला वेगळा मणी. ८ मिलिमीटरचा मणी बोटात नीट बसतो. ५ मिलिमीटरचा घेतलात तर घाईत दोन-दोन सरकतात. मण्यांमध्ये गाठी आहेत, हे उत्तम. सुती दोरा मात्र घामाने विरतो, मेरूपाशी आधी. वेळीच नव्याने ओवून घ्या.

माळ मधल्या बोटावर, अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी माळेपासून लांब. एका मण्याला एक सावकाश उच्छ्वास. मेरू ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. डोकं तापलेलं असताना मणी भराभर पळतात नि श्वास छातीतच अडकतो, विस्कळीत श्वास हा चित्तविक्षेपाचा (मन विचलित होण्याचा) सोबती, असं योगसूत्रात (१.३१) आहेच. अशा वेळी २७ मणी पुरेत. माळेसोबत आलेला ‘तणावमुक्तीची हमी’वाला कागद रद्दीत टाका. माळ पाण्यात भिजत ठेवू नका, कोरड्या ब्रशने रेघांमधली धूळ निघते.