तुटलेल्या बोल्टच्या नावाखाली 43,450 गेले. इंजिनचं काम टाकण्याआधी वाचा

आधी आकडा सांगतो. मूळ कामाचा अंदाज होता 5,200. गॅरेजने घेतले 43,450. तेच काम नीट करून घ्यायला नंतर दुसरीकडे 7,900 गेले. एकूण 51,350, आणि हे सगळं एका बोल्टपायी, जो इंजिनच्या बाहेरच्या बाजूला असतो आणि टॉर्च मारली तर उभ्या उभ्या दिसतो.

गॅरेजचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार सुरू आहे. पण ही पद्धत एकाच गॅरेजची असेल असं मला वाटत नाही.

गाडीचा त्रास साधा होता. सकाळी थंड इंजिन चालू केलं की टिक-टिक असा आवाज, आणि पाच-सात मिनिटांत इंजिन तापलं की बंद. ज्यांना माहीत आहे ते लगेच ओळखतील: एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या नळीच्या तोंडाचं) गॅस्केट, म्हणजे सांध्यातली सीलची पट्टी, फुंकतंय. धातू तापून फुगला की फट बुजते आणि आवाज थांबतो. एवढं मलाही माहीत होतं. मी गाडीतलं काहीच न कळणारा माणूस नाही, हे मुद्दाम लिहितोय, कारण हा प्रकार ऐकल्यावर प्रत्येक जण पहिल्यांदा तेच म्हणाला: "तुला कळायला नको होतं का?"

गाडी टाकली त्याच दिवशी दुपारी फोन. "साहेब, मॅनिफोल्डचा एक बोल्ट तुटला. अर्धा हेडमध्येच राहिलाय. हेड उतरवून मशीन शॉपला पाठवावं लागेल."

हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, ज्याला मॅनिफोल्ड बोल्टने आवळलेला असतो. आता यातलं खोटं ओळखणं अवघड का जातं ते बघा. बोल्ट खरंच तुटतात. हेड ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी, वर्षानुवर्षं तापणं-थंडावणं, त्यात गंज. चांगल्या मिस्त्रीच्या हातूनही असा बोल्ट तुटतो आणि त्यात त्याची लबाडी नसते. त्यामुळे फोनवर "तुटला" ऐकलं की माणूस मान्य करतो. मीही केलं. माझा बोल्टही खरोखरच तुटला होता. लबाडी त्याच्या पुढची होती.

मी जाऊन बघतो म्हणालो आणि गेलोही. गाडी लिफ्टवर, वर, माझ्या डोक्याच्याही वर. मॅनिफोल्ड काढून खाली ठेवलेला. मिस्त्रीने काउंटरवरून एक प्लास्टिकची पिशवी आणली आणि त्यातला बोल्टचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाला, "हा बघा, आज सकाळी तुटलेला. ठेवा तुमच्याकडे."

त्या तुकड्याचं तुटलेलं तोंड गंजलेलं होतं. एक कोपरा नव्हे, अख्खं तोंड तपकिरी. माझ्या तळहाताला गंजाची भुकटी लागली, ती मी रुमालाला पुसली. पुसताना मनात काहीतरी खटकलं होतं, हे मला आजही स्पष्ट आठवतं, आणि मी ते बाजूला सारलं. आज सकाळी तुटलेलं पोलाद आतून गंजलेलं कसं असेल? ताजा तुटलेला बोल्ट राखाडी, दाणेदार, चकचकीत दिसतो. आधीची जुनी चीर असेल तर तेवढा भाग काळपट असू शकतो, पण शेवटचा जो भाग आज तुटला तो चमकायलाच हवा. माझ्या हातातल्या तुकड्यावर चमकणारा ठिपकासुद्धा नव्हता. तो तुकडा माझ्या हातात होता. दोन मिनिटं होता. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला बिल आठवत नाही, तो रुमाल आठवतो.

मी का गप्प बसलो तेही सांगतो. वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. गाडीशिवाय त्यांना नेणं म्हणजे हाल. आणि ही गोष्ट मी स्वतःच गॅरेजमध्ये पहिल्या दिवशी सांगितली होती, लवकर काम व्हावं म्हणून. त्यानंतरचं त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू व्हायचं: "साहेब, बाबांना न्यायचं असतं ना, मग तुम्ही आज हो म्हणा, उद्या हेड मशीन शॉपला जाईल." तुमची निकड गॅरेजमध्ये कधीही बोलू नका. विचारलं तरी म्हणा, घाई नाही, दुसरी गाडी आहे.

त्याच संध्याकाळी 20,000 ॲडव्हान्स पाठवला. गाडी नऊ दिवस ठेवून घेतली. नऊ दिवसांत बाबांच्या चार फेऱ्या भाड्याच्या गाडीने झाल्या, तो खर्च मी वर धरलेलाच नाही. उरलेले 23,450 गाडी घेताना दिले.

बिलात काय होतं ते जसंच्या तसं: हेड उतरवणं-बसवणं मजुरी 14,500. मशीन शॉपमध्ये बोल्ट काढून नवे आटे 8,500. हेडला फेस मारणं (तोंड घासून सपाट करणं) 3,200. हेड गॅस्केट 4,650. हेड बोल्ट 10 नग 3,900. कूलंट 5 लिटर 1,750. इंजिन ऑइल आणि फिल्टर 3,400. मॅनिफोल्ड गॅस्केट आणि बोल्ट 2,150. इतर 1,400. हे "इतर" काय म्हणून विचारलं तर "सीलंट, वॉशर, क्लीनर". पक्कं बिल मागितलं तेव्हा म्हणाला, त्यावर कर वेगळा लागेल, कशाला वाढवता. मी कच्च्या पावतीवर समाधान मानलं. वर शिक्का नाही, नंबर नाही. इथे मी चुकलो, आणि पुढे प्रत्येक टेबलावर हीच पावती माझ्या तोंडावर फेकली गेली.

काढलेलं जुनं हेड गॅस्केट आणि जुने हेड बोल्ट मागितले. "भंगारवाला घेऊन गेला." जुने पार्ट काम झाल्यावर मागायचे नसतात. गाडी टाकतानाच जॉब कार्डावर लिहून घ्यायचं की काढलेला प्रत्येक पार्ट परत हवा.

तेविसाव्या दिवशी तीच टिक-टिक पुन्हा सुरू झाली. या वेळी इंजिन तापल्यावरही थांबेना, आणि एसीच्या जाळीतून गाडीत धुराचा वास येऊ लागला. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला स्वतःला वासही नसतो आणि रंगही नसतो. मागच्या सीटवर माझे वडील बसायचे, डायलिसिस करून थकलेले, काचा बंद करून. पैशांचं एक वेळ सोडून देईन, हे सोडणार नाही.

दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्यांनी मला शेजारी उभं केलं, मॅनिफोल्ड काढला आणि टॉर्च माझ्या हातात दिली. तुटलेला बोल्ट होता तिथेच होता. कोणीतरी त्यात ड्रिल मारलं होतं, तेही मधोमध नाही, एका बाजूला सरकलेलं. त्यात इझी-आउट (तुटलेला बोल्ट पकडून उलटा फिरवून काढायचं हत्यार) घालून पिळलं होतं आणि तो इझी-आउटसुद्धा आत मोडला होता. त्यावर मेटल पुट्टी भरून कापलेल्या बोल्टचं डोकं नुसतं चिकटवलं होतं. बाहेरून बघितलं तर सगळे बोल्ट जागच्या जागी. मॅनिफोल्ड किती तापतो! साधी पुट्टी दोन-अडीचशे अंशांच्या वर टिकत नाही, आणि पेट्रोल इंजिनच्या एक्झॉस्टचा वायू आठशेच्या घरात जातो. तेवीस दिवस टिकली हेच नवल.

आणि हेड? ते कधी उतरवलंच नव्हतं. आमच्या इंजिनात व्हॉल्व्ह कव्हर, म्हणजे हेडवरचं झाकण, काढल्याशिवाय हेडच्या बोल्टना पाना लागत नाही. त्या कव्हरच्या बोल्टांवर कंपनीने मारलेली रंगाची रेघ अखंड होती, कडेला तेल आणि धुळीचा वर्षांचा थर तसाच होता. हेड गॅस्केटची बाहेर डोकावणारी कडा जुनी, काळी पडलेली. हेड उतरवायचं तर कूलंट आधी काढावंच लागतं, कारण पाण्याच्या वाटा हेडमधूनच जातात. माझ्या बाटलीतलं कूलंट तेच जुनं, मळकट. गाडी ताब्यात घेताना बॉनेट उघडून मी ती बाटली पाहिली होती. बिलात 5 लिटर नवं कूलंट आणि समोर मळकट पाणी. तरी मी पैसे मोजले.

मग मी त्यांना तो पिशवीतला तुकडा दाखवला. त्यांनी व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला: 10 मिलिमीटर. माझ्या मॅनिफोल्डचे सगळे बोल्ट 8 चे आहेत. हातात दिलेला तुकडा माझ्या इंजिनचा नव्हताच.

म्हणून सांगतो, हातावर ठेवलेला बोल्ट हा पुरावा नाही. तो त्याच्या भोकात दाखवा म्हणायचं. लिफ्ट खाली घ्यायला लावा, टॉर्च मारा, गाडीचा नंबर आणि ते भोक एकाच व्हिडिओत घ्या. आणि विचारा, जागेवर का निघत नाही? तुकडा बाहेर डोकावत असेल तर त्यावर नट वेल्ड करून फिरवतात. वेल्डिंगच्या उष्णतेनेही तो सुटायला मदत होते. आत असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून, मार्गदर्शक प्लेट लावून ड्रिल मारतात. उलट्या आट्यांचं ड्रिल असेल तर कधी ड्रिल मारतानाच तुकडा बाहेर येतो. हे सगळं करून झाल्यावरच हेड उतरवायची भाषा. जो पहिल्याच फोनवर हेड उतरवायचं म्हणतो, त्याच्याकडून गाडी उचलून न्या.

दुसऱ्या मिस्त्रींना चार तास लागले. मोडलेला इझी-आउट इतका कडक असतो की साधं ड्रिल त्याला चावत नाही. त्यांनी कार्बाइडच्या बरने (अतिकठीण धातू घासणाऱ्या टोकाने) तो थोडा थोडा खाऊन काढला, शेजारच्या दोन भोकांना प्लेट आवळून भोक पुन्हा मध्यावर आणलं, नवा टॅप मारून (आटे पाडून) इन्सर्ट, म्हणजे आट्यांची नवी बाही, बसवला. पहिल्याने वाकडं मारलेलं ड्रिल आणखी थोडं खोल गेलं असतं तर पाण्याच्या वाटेत घुसलं असतं आणि मग हेड खरंच उतरवावं लागलं असतं. एवढ्या कामाचे सगळे मिळून 7,900.

आता तक्रारीचं ऐका.

पहिल्या गॅरेजमध्ये गेलो तर म्हणे, "तुम्ही दुसऱ्याकडे उघडलीत, आता आमची जबाबदारी नाही." पोलिसांकडे गेलो. तासभर बाकड्यावर बसवलं. मग ज्यांनी ऐकलं त्यांनी पिशवीतला तुकडा हातात घेऊन विचारलं, "या एवढ्याशा बोल्टसाठी आलात?" मी म्हटलं, बोल्टसाठी नाही, न केलेल्या कामाचे पैसे घेतलेत आणि दुसऱ्याच गाडीचा बोल्ट दाखवून घेतलेत, याला फसवणूकच म्हणतात. उत्तर: "हा व्यवहाराचा वाद आहे, ग्राहक मंचात जा." अर्ज घ्यायलाही तयार नव्हते. दोनदा परत गेलो तेव्हा कुठे पोच मिळाली.

ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. सोळाव्या दिवशी संदेश आला: "संबंधितांनी सेवा दिल्याचे कळवले आहे. तक्रार निकाली." म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यालाच विचारलं आणि त्याचं उत्तर मला पाठवलं! माझे 14 फोटो कोणी उघडले की नाही हे सांगायलाही माणूस नाही. परत फोन केला तर नवी तक्रार नोंदवा म्हणाले.

ग्राहक मंचाच्या (आता त्याला ग्राहक आयोग म्हणतात) खिडकीवर गेलो. तिथे पक्कं बिल हवं, तज्ज्ञाचा लेखी अहवाल हवा, आणि गाडी त्याच स्थितीत हवी होती. दुरुस्त करून घेतल्यामुळे पुरावा गेला म्हणतात. मग काय करायला हवं होतं? धूर येणारी गाडी महिनोन्‌महिने तशीच उभी ठेवायची आणि डायलिसिसच्या पेशंटला म्हणायचं, थांबा, तारीख लागू दे? हा प्रश्न मी तिथे मोठ्याने विचारला. खिडकीमागच्या माणसाने "पुढचे" म्हणून हाक मारली. कार कंपनीकडे लेखी मागितलं की आमच्या मॉडेलला मॅनिफोल्डचा बोल्ट किती मिलिमीटरचा लागतो एवढंच कळवा. त्यांनी कळवलं की गाडी अधिकृत केंद्रात दाखवलेली नाही, म्हणून मदत करता येणार नाही. एका ओळीचं उत्तर होतं ते, आणि तेही देववेना.

दुसऱ्या मिस्त्रींनी काम करताना व्हिडिओ काढू दिला, पण लेखी जबाब द्यायला तयार नाहीत. "मला याच धंद्यात राहायचंय, साहेब." त्यांच्यावर माझा राग नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर काम सुरू करण्याआधीच दुसऱ्या मिस्त्रीकडून दोन ओळी लिहून घ्या, सहीनिशी. काम झाल्यावर कोणी लिहून देत नाही.

मंचात अर्ज दाखल झालाय. सोबत व्हिडिओ, बँकेतून पाठवलेल्या दोन्ही रकमांच्या नोंदी आणि ती कच्ची पावती जोडली आहे. माझ्या इंजिनमधून निघालेल्या 8 मिलिमीटरच्या बोल्टचे अवशेष एका पाकिटात आणि मला दाखवलेला 10 मिलिमीटरचा तुकडा दुसऱ्या पाकिटात, दोन्हींवर तारीख घालून ठेवलंय. पहिली तारीख अजून लागलेली नाही.