आठ महिने डीसीएस यंत्र वापरल्यावर

डीसीएस म्हणजे त्वचेवरून उजेड टाकून आतला रक्तप्रवाह मोजणारं यंत्र. पहिले पंधरा दिवस मी त्याचा प्रोब, म्हणजे त्वचेवर बांधायचा भाग, आवळून बांधत होतो. सैल राहिला तर बाहेरचा उजेड शिरेल, ही भीती. एका धडधाकट मित्राच्या पोटरीतला रक्तप्रवाह इतका कमी दिसला, की त्याला डॉक्टरकडे पाठवायच्या बेतात होतो. पट्टी सैल केली, प्रवाह पुन्हा जागेवर. त्याचं रक्त मीच दाबून धरलं होतं! आता पट्टी हलकी बांधतो आणि वरून काळं कापड टाकतो.

डीसीएसचं पूर्ण नाव डिफ्यूज कोरिलेशन स्पेक्ट्रोस्कोपी. कोविडात घरोघरी पोचलेला ऑक्सिमीटर रक्तात ऑक्सिजन किती ते सांगतो. रक्त किती वाहतंय हे त्याला कळत नाही. ते हे यंत्र सांगतं, सुई न टोचता. लेझर पॉइंटर भिंतीवर मारला की ठिपका दाणेदार दिसतो, तसाच हा प्रकार. आमचा लेझर ७८५ नॅनोमीटरचा. तो त्वचेवर टाकायचा आणि २.५ सेंटिमीटरवर ठेवलेल्या ऑप्टिकल फायबरने परत येणारा उजेड पकडायचा. आत लाल पेशी धावत असल्याने ते दाणे सतत लुकलुकतात. लुकलुक जितकी भरभर, तितका प्रवाह जास्त. हा सगळा खेळ मायक्रोसेकंदांचा, म्हणून एकेक फोटॉन (उजेडाचा कण) मोजणारा डिटेक्टर लागतो आणि किंमत तिथेच चढते.

हे यंत्र खोलवरचा प्रवाह मोजतं असं म्हणतात, पण ‘खोलवर’ या शब्दाने हुरळून जाऊ नका. या अंतरावर खोल म्हणजे जेमतेम सेंटिमीटरभर. मांडीवर चरबीचा थर जाड असेल तर स्नायू राहतो बाजूला, आपण चरबीच मोजत बसतो.

विश्वास बसला तो कफच्या चाचणीने. दंडाला बीपीचा कफ, प्रोब कोपराखाली, दाब २२० मिलिमीटर पारा. आलेखाची रेघ धाडकन खाली. तीन मिनिटांत बोटांना मुंग्या, पंजा पांढराफटक. कफ सोडताच रेघ आधीच्या पातळीच्या कितीतरी वर उसळली आणि मग सावकाश उतरली. कफ फुगलेला असताना मात्र ती शून्याला टेकत नाही. रक्त थांबलं तरी पेशी जागच्या जागी थोड्या हलतच असतात. हे कळेपर्यंत गळका समजून मी दोन कफ बदलले होते.

तक्रारी आहेतच. आकडा येतो तो चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद अशा विचित्र एककात. मिनिटाला किती मिलिलिटर, ते नाही. त्यामुळे दोन माणसांची तुलना मी टाळतो. त्याच माणसात आधी आणि नंतर काय झालं, तेवढंच बघतो. फायबरला कोपर लागला तरी आलेख नाचतो. एक फायबर मोडलं, तर नवीन यायला दीड महिना गेला. आणि लेझर डोळ्यांना मंद लाल दिसतो, पण तेवढ्यावर विसंबून लेझरच्या संरक्षक चष्म्याशिवाय हात लावू नका, दिसतो त्यापेक्षा तो बराच तेज असतो.

प्रोबची जागा त्वचेवर पेनने आखा आणि लगेच फोटोही काढून ठेवा. माझ्या एका आठवडाभराच्या नोंदींचं वाटोळं दुसऱ्याच दिवशीच्या आंघोळीने झालं.