अँटीव्हायरस बंद कर म्हणाला, आणि मी केला

बीट, म्हणजे गाण्याखालचा ताल, कॉम्प्युटरवर बनवायचं खूळ मला गेल्या पावसाळ्यात लागलं. मी मिरजेचा. कामावरून आलो, जेवलो, की जुन्या लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरची फुकट ट्रायल उघडून बसायचो. पहिली बरी बीट जमली त्या रात्री ती सेव्ह केली आणि खुशीत झोपलो. दुसऱ्या दिवशी फाइल उघडेना. ट्रायलमध्ये सेव्ह होतं, पण सेव्ह केलेलं परत उघडायचं तर सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं, हे मला ठाऊकच नव्हतं. एमपीथ्री काढून ठेवता येते, तेवढी काढली असती तरी ऐकायला उरली असती.

त्या चिडचिडीत असतानाच इन्स्टाग्रामवर ती रील आली. आपल्याच भागातलं मराठी बोलणारा पोरगा, गळ्यात निळा हेडफोन. "फुल व्हर्जन, लाइफटाइम अपडेट, दहा हजार साउंड, वर कोर्स. फक्त २,४९९." मी मेसेज केला तर लगेच उत्तर, तेही "दादा" म्हणून. मी विरघळलो, खोटं कशाला बोलू. इंग्रजी व्हिडिओ बघून डोकं पिकलं होतं, आणि हा माणूस किक, स्नेअर, हाय-हॅट हे ड्रमचे आवाज मराठीत समजावत होता.

लाइफटाइम अपडेटचं तर हसूच येतं आता. एफएल स्टुडिओ बनवणारी बेल्जियमची कंपनी विकत घेणाऱ्या प्रत्येकाला पुढची अपडेट फुकटच देते. हा गडी तेच स्वतःची मेहेरबानी म्हणून विकत होता, आणि देत होता क्रॅक, म्हणजे कुलूप फोडलेली चोरटी कॉपी, जिला अपडेट कधी मिळणारच नाही.

यूपीआयने पैसे पाठवले. टेलिग्रामवर एक झिप फाइल आली, पासवर्ड लावलेली. सोबत सूचना: "अँटीव्हायरस बंद कर, नाहीतर इन्स्टॉल होणार नाही." इथं मी थांबायला हवं होतं. असल्या फाइलला पासवर्ड अशासाठी असतो, की आत काय आहे ते अँटीव्हायरसला उघडून बघता येऊ नये. पण मी काय केलं? विचारलं, "काही होणार नाही ना?" चोरालाच विचारलं, घरात चोर आहे का म्हणून.

सॉफ्टवेअर मात्र चाललं, म्हणून शंका आली नाही. दोन दिवस मी खुशाल बीट बनवत होतो. त्याच गुर्मीत आणखी ९९९ रुपये देऊन 'महाराष्ट्र फोक पॅक' हा लोकवाद्यांच्या तयार आवाजांचा संच घेतला. त्यातली हलगी मामाला ऐकवली. मामा आयुष्यभर हलगी वाजवत आलाय. दोन आवर्तनं ऐकून म्हणाला, "ही हलगी न्हाई रं. हिला दोन काठ्याच न्हाईत." खरंच होतं. हलगीला एक काठी जाड, एक बारीक, आणि त्या दोन आवाजांच्या भांडणातच मजा. पॅकमधला आवाज कुठल्यातरी कीबोर्डवरचा, वर नाव बदललेलं. मग मी बाकीच्या फोल्डरांतल्या फाइलींची नावं नेटवर शोधली. एकामागून एक फुकट मिळणारे पॅक निघाले.

तिसऱ्या दिवशी जीमेलमधून बाहेर फेकला गेलो. तासाभरात इन्स्टाग्राम गेलं, आणि माझ्या फोटोखाली लोकांना क्रिप्टोत पैसे दुप्पट करून देण्याच्या पोस्टी. आत्तेबहिणीचा फोन आला, "तू कधीपासून असले धंदे करायला लागलास?" ओटीपी लावलेला होता, तरी गेलं. कारण अशी व्हायरसवाली फाइल ब्राउझरमधलं चालू लॉगिनच उचलून नेते, मग ओटीपी विचारतो कोण?

त्या हेडफोनवाल्याला फोन लावला तर म्हणतो, "तुझा लॅपटॉपच खराब आहे. १,८०० भर, लेबलवरनं गाणं रिलीज करून देतो, सगळं वसूल होईल." आणि मी तेही भरले! एवढे गेलेत तर हेही जाऊ देत, असं काहीतरी डोक्यात. गाणं यूट्यूबवर चढलं, आणि त्यातल्या लूपवर, म्हणजे परत परत वाजणाऱ्या तयार तुकड्यावर, दुसऱ्याच कुणाचा कॉपीराइट क्लेम आला. तो लूप 'खास तुझ्यासाठी' होता म्हणे.

एकूण ५,२९८ रुपये. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तोपर्यंत आठ दिवस उलटले होते. तिथं पहिला प्रश्न, "पैसे कधी गेले?" लगेच कळवलं तर पैसे पुढं सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता असते. माझ्याकडे आता तक्रार क्रमांक आहे, पैसे नाहीत. लॅपटॉप पूर्ण फॉरमॅट केला, आणि पासवर्ड बदलले ते मामाच्या मोबाइलवरून, कारण माझ्या मशीनवर बदलले असते तर नवेही त्याच वाटेनं गेले असते.

सध्या बँडलॅब या बीट बनवायच्या ॲपवर काम चाललंय. मोबाइलवर चालतं, ब्राउझरमध्ये चालतं, पैसे लागत नाहीत. कॉम्प्युटरसाठी एलएमएमएस फुकट आहे, आयफोनवाल्यांना गॅरेजबँड. मामाची हलगी मोबाइलवरच रेकॉर्ड केली, पंख्याचा आवाज आलाय थोडा.

परवा एक नवीन खातं दिसलं. नाव वेगळं, निळा हेडफोन तोच. भाव आता १,९९९. खाली एका पोरानं विचारलं होतं, "दादा, अँटीव्हायरस का बंद करायचा?" मी त्याला उत्तर लिहिलं. पाच मिनिटांत माझी कमेंट गायब आणि मी ब्लॉक. त्या पोरानं ती वाचली का, कळायला मार्ग नाही.